मागून आलेला आवाज

३ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र काकांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. आधी एकटी वाच, मग त्यांना काय सांगायचं ते ठरव. नाहीतर ते मिळेल ती गाडी पकडून इथे येतील आणि आमच्या साहेबांची गचांडी धरतील.

मला मेमो मिळालाय. अकरा वर्षं वाट बघून जानेवारीत कुठे मी प्रक्षेपण केंद्रातल्या नव्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरची प्रमुख झाले, आणि मार्च उजाडतो न उजाडतो तोच हे झेंगट गळ्यात पडलं. झालं असं की कुठल्याशा श्रोत्याचं पत्र आलं. आमचा श्रोता विभाग नावं सांगत नाही, नुसते क्रमांक देतो. तर हे महाशय आहेत श्रोता क्रमांक त्रेसष्ट. लिहितात काय, ‘सायंकाळच्या बातम्या ऐकताना प्रत्येक शब्दामागून तोच शब्द पुन्हा ऐकू येतो. दोन यंत्रे एकाच वेळी बोलत असल्यासारखे वाटते. दोष आपल्याकडे आहे, तपासावा.’ पत्र टाइप केलेलं, आणि तोरा असा की केंद्र जणू यांच्या आजोबांनी बांधलं.

आमचे साहेब, ज्यांना आम्ही त्यांच्या माघारी फूटपट्टी म्हणतो, त्यांनी ‘दोन यंत्रे’ या शब्दांखाली लाल रेघ मारली. कारण आमच्या हॉलमध्ये खरंच दोन यंत्रं आहेत. एक माझं नवं, आणि त्याच्या शेजारी सेवेतून काढलेलं जुनं. साहेबांचं म्हणणं, मी कुणाला न विचारता जुनंही त्याच वेळी हवेत सोडलं, म्हणून आवाज दुहेरी झाला. सहा एप्रिलला चौकशी आहे. आरोप सिद्ध झाला तर ट्रान्समीटर हॉलला कायमचा रामराम आणि माझी रवानगी भांडारात. निवृत्तीपर्यंत बसायचं तिथे खिळे आणि वॉशर निवडत.

मी असलं काहीही केलेलं नाही, आत्या. तुझ्याकडे तो जुना दणकट सेट आहे, आणि तारऑफिसात चौतीस वर्षं टिंब-रेघा वेचलेले कान आहेत. तू ऐकतेस ना आमचं केंद्र? तुला दोन आवाज येतात का? माझ्या समाधानासाठी नको, खरं काय ते सांग. आणि हा त्रेसष्ट कधी भेटलाच, तर माझ्या वतीने त्याचा कान चांगला पिरगाळून ठेव.

तुझी
ठकू


९ मार्च

ठकू,

पत्र पोचलं. काकांना सांगितलं, तुला सर्दी झालीय. तर ते औषध पाठवायला निघाले. मग पाच मिनिटांत तुझी सर्दी बरीही करावी लागली. या माणसाला काही सांगायची सोय नाही.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. मला तर बाई काही दोन-बिन ऐकू येत नाही. तुमचं केंद्र इथे अगदी स्वच्छ लागतं, बातम्या वाचणारा शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. लोकांच्या सेटमध्ये नाही नाही ते बिघाड असतात, कुणी तार खिडकीच्या गजाला गुंडाळतं, कुणी पंख्याला. त्यांचं ऐकून तुझ्या साहेबांनी मेमो काढावा म्हणजे कमालच झाली.

पण एक सांगते, तो श्रोता वाईट मनाने लिहिणारा वाटत नाही मला. ऐकलं तसं लिहिलं असेल बिचाऱ्याने. एवढ्याशा ओळीवरून कुणाच्या मानेवर सुरी फिरेल हे त्याला कुठून कळणार? तो पुन्हा पत्र पाठवून सगळं ठीक झाल्याचं कळवेल बघ. माझं मन सांगतं. मग साहेबांच्या हातात काय राहील? तक्रारच नाही तर चौकशी कसली?

इकडे सगळं ठीक. काकांनी मोरीचा नळ स्वतः दुरुस्त करायला घेतला होता, त्यामुळे आता प्लंबर आठवड्यातून दोनदा येतो. माझा गुडघा बोलतो अधूनमधून. तू वेळेवर जेव आणि साहेबांसमोर मान खाली घालू नकोस.

आत्या


१७ मार्च

प्रिय आत्या,

तुझं मन भलतंच शहाणं निघालं. त्रेसष्टचं दुसरं पत्र आलं, तू म्हणालीस अगदी तसंच. ‘गेले चार दिवस दुहेरी आवाज येत नाही. दोष दूर झालेला दिसतो. तक्रार मागे घेत आहे.’ तारीख नऊ मार्च.

आता ऐक. साहेबांनी जुन्या ट्रान्समीटरला पाच मार्चला कुलूप घालून लाखेची मोहोर लावली होती. नऊ वजा चार किती होतात ते त्यांनी मला केबिनमध्ये उभं करून फळ्यावर मांडून दाखवलं. ‘जुनं यंत्र बंद झालं त्या दिवसापासून तक्रार बंद. आणखी काय पुरावा हवा, बाई?’ असं म्हणून खडू खाली ठेवला आणि हात झटकले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या त्रेसष्टने तक्रार केली तेव्हा माझा पाय घसरला होता, तक्रार मागे घेऊन त्याने मला पार दरीत ढकललं.

आता तुझ्यापासून लपवलेली गोष्ट सांगते. तक्रार आली त्या संध्याकाळच्या प्रक्षेपणावेळी जुनं यंत्र चालू होतं. हवेत नव्हतं, पण चालू होतं. दमट हवेत ते बंद ठेवलं तर आतून सडतं, म्हणून मी आठवड्यातून एकदा तासभर चालवते. तेव्हा त्याचा अँटेनाशी काही संबंध नसतो. सगळी शक्ती पाण्याने गार होणाऱ्या एका लोखंडी पेटीत जिरते, बाहेर फुंकरसुद्धा जात नाही. पण रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात आहे, ‘जुना सुरू, सहा ते सात.’ पेटीला जोडल्याचं लिहायचं राहून गेलं. मदतनीस रजेवर होता. साक्षीला कोण? पेटी?

साहेबांचा तर्क वेडगळ नाही, हीच पंचाईत आहे. नव्या यंत्राला बातम्या केबलने येतात, जुन्याला उपग्रहावरून. उपग्रहाचा वरखाली प्रवास लांबचा, त्यामुळे तो आवाज मागे पडतो. दोन्ही यंत्रं एकदम हवेत गेली तर शब्द दुहेरी ऐकू येणारच. पण दुहेरी आवाजाला आणखी एक कारण असतं, आणि मला वाटत होतं आपलं तेच आहे. लाट श्रोत्याच्या डोक्यावरून पुढे जाते, आकाशातल्या थरावर आणि जमिनीवर आपटत आपटत अख्ख्या पृथ्वीला वळसा घालते, आणि त्याच श्रोत्याकडे मागून पुन्हा येते. दिवस-रात्र सारखे होतात त्या आठवड्यांत, अंधार-उजेडाच्या सीमेवर, थोडाच वेळ ही वाट मोकळी होते. पहिला आवाज थेट आलेला, दुसरा जग हिंडून आलेला.

पण मग तो तुला का येत नाही, आत्या? तुझा सेट चांगला, कान त्याहून चांगले. तुझ्या कानांवर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास आहे. तू ‘नाही’ म्हणालीस म्हणजे नाही. गेले तीन दिवस मी एकच गोष्ट आठवत बसलेय. त्या संध्याकाळी मी मोठा स्विच पेटीकडे फिरवला होता ना? की सवयीने अँटेनाकडे? आधी मला शंभर टक्के खात्री होती. आता सांगवत नाही.

ठकू


२२ मार्च

ठकू,

बसून वाच. श्रोता क्रमांक त्रेसष्ट मी आहे.

तू जानेवारीत प्रमुख झालीस आणि मी हौसेने तुमच्या श्रोता विभागाला अहवाल पाठवायला लागले. तुला कळू दिलं नाही, कारण तुला वाटलं असतं आत्या कौतुकाने लिहिते. मला परक्या माणसाचा अहवाल पाठवायचा होता. कडक, तारऑफिसातल्यासारखा. टाइपरायटर आहेच. दुहेरी आवाज ऐकला तसा लिहिला. वाटलं, इतर कुणी बोंब मारायच्या आत तुला कळलेलं बरं, तू हां हां म्हणता दुरुस्त करशील. ‘दोन यंत्रे बोलत असल्यासारखे’ हे मात्र मी मिरवायला लिहिलं. तेवढंच लिहायला नको होतं.

तुझं पहिलं पत्र आलं आणि माझी पाचावर धारण बसली. त्याच दिवशी दोन पत्रं टाकली. एक तुला, मला काही ऐकू येत नाही म्हणून. दुसरं केंद्राला, तक्रार मागे म्हणून. चार दिवस हा आकडा मी डोळे मिटून टाकला गं. आठ टाकला असता तर तुझ्या साहेबांचं गणित बसलं नसतं. मुहूर्त काढून तुझं वाटोळं करायला निघाले होते असं वाटतंय.

आता खरं ऐक. दुहेरी आवाज येतो. पाच मार्चला आला, नऊला आला, काल आला. रोज दिवेलागणीला, बातम्या सुरू होण्याआधी लागतो आणि साधारण पंचवीस मिनिटांनी विरत जातो. मागचा आवाज पुढच्यापेक्षा बारीक असतो, पण शब्द तोच. कुलूप घातलेलं यंत्र बोलत नाही, म्हणजे दुसरा आवाज त्याचा नाही. स्विच तू नीटच फिरवला होतास. माझ्या एका थापेमुळे तू स्वतःच्या हातांवर शंका घेतलीस, हे वाचून मला रडू आवरलं नाही.

चौतीस वर्षांत मी कुणाच्या तारेत एक अक्षर पदरचं घातलं नाही. मरणाच्या तारा दिल्या, जन्माच्या दिल्या, प्रत्येक शब्द जसाच्या तसा गेला. पहिल्यांदा खोटं पाठवलं ते तुझ्यासाठी, आणि तेच तुझ्या गळ्याशी आलं.

काकांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, ‘तू आधी आवाज येतो म्हणालीस, मग येत नाही म्हणालीस, आता परत येतो म्हणणार. वर तिची आत्या. साहेब कशावर विश्वास ठेवील?’ तू म्हणशील तर मी येते आणि साहेबांपुढे उभी राहते. तू म्हणशील ते करते.

आत्या


२८ मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचून मी आधी कपाट आवरलं. मला फार राग आला की मी कपाट आवरते, तुला माहीतच आहे. तिन्ही कपाटं आवरून झाली.

तू असं का केलंस? विचारायचं होतं ना मला! तुला वाटलं मी खरं ऐकून घाबरेन? मी तर तेच मागत होते. असो. शेवटचं कपाट आवरताना मला तू दिसलीस, टाइपरायटरवर वाकून परक्या माणसाचा आवाज काढणारी, आणि हसू फुटलं. ‘दोष आपल्याकडे आहे, तपासावा’! अगं, आजोबांनी केंद्र बांधल्यासारखा तोरा, असं मी तुलाच ऐकवलं होतं की. म्हणजे माझ्याच पणजोबांनी.

दुसऱ्या दिवशी सरळ साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते काय म्हणाले ते काकांनी आधीच सांगितलंय, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. शेवटी म्हणाले, ‘बाई, नातेवाइकांची मतं मला नकोत. मोजमाप असेल तर आणा.’ मी म्हटलं, आणते. फूटपट्टीला मोजमाप म्हटलं की नाही म्हणवत नाही.

तर असं ठरलंय. चार एप्रिलला, सायंकाळच्या प्रक्षेपणाच्या बरोबर दहा मिनिटं आधी, आम्ही टिंबं पाठवू. नुसती टिंबं. टिंब जितकं लांब, तितकीच मधली मोकळी जागा. दर मिनिटाला वेग बदलेल. मागून येणारा आवाज जर बरोबर एका टिंबाइतका उशिरा येत असेल, तर तो मोकळ्या जागेत चपखल बसेल आणि तुला तुटक टिंबांऐवजी एकसंध सूर ऐकू येईल. तो सूर कितव्या मिनिटाला आला, एवढंच तू तारेने कळवायचंस. म्हणजे मला उशीर मोजून मिळेल. उपग्रहाचा उशीर वेगळा, पृथ्वीच्या वळशाचा वेगळा, दोन्हींत घोटाळा होऊच शकत नाही.

कितव्या मिनिटाला कुठला वेग हे साहेब स्वतः ठरवणार आहेत. यादी पाकिटात घालून, मोहोर लावून तिजोरीत. मला माहीत नाही, तुला माहीत नाही. माझ्या विनंतीवरून त्यांनी यादीत पृथ्वीच्या उशिराचा एक आकडा घातलाय, त्यांच्या आरोपाचा एक, आणि बाकी आठ मनाला येतील तसे. आकडे मी तुला सांगणार नाही, विचारूही नकोस.

दिवस सरत चाललेत. थोड्या आठवड्यांत ही वाट बंद होईल ती सप्टेंबरपर्यंत. त्या संध्याकाळी आवाज आलाच नाही तर तसंच कळव. या खेपेला काहीही मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. माझं जे व्हायचं ते खऱ्यावर होऊ दे.

ठकू


तार
४ एप्रिल

तिसरे आणि आठवे. दोन्ही वेळा एकसंध. तिसरे किंचित खरखरीत. आठवे गुळगुळीत. बाकी आठ तुटक. आत्या


४ एप्रिल

ठकू,

तार गेली. हे पत्र चौकशीनंतर पोचेल, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दुपारीच काकांनी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली ठेवलं, आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसले. कुणी बेल वाजवायला आलं की आत मयत झाल्यासारखा चेहरा करून त्याला परत पाठवत होते. मी कागदावर एक ते दहा आकडे मांडले. आणि सुरू झाली टिंबं.

काय सांगू तुला! निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोलायला आलं. पहिलं मिनिट दोन थरांचं, एकात एक घुसलेलं, पण तुटक. दुसरं तसंच. तिसऱ्याला एकदम सूर लागला. पण त्या सुराला काठ होता गं, कापड उलटं करून शिवण हाताला लागावी तसा. चौथ्याला पुन्हा तुटला. मी म्हटलं, झालं, मिळालं. पेन्सिल ठेवणारच होते. तारऑफिसात निरोप पुरा झाला की लाइन सोडायची, ती सवय हाडात आहे. पण तू म्हणाली होतीस दहा मिनिटं, म्हणून हात आवरला आणि बसून राहिले.

आणि आठव्या मिनिटाला सूर पुन्हा लागला. या वेळी शिवण नाही, काही नाही, सलग. आवाज लहानमोठा होत होता, पण तुटेचना.

मग मी घाबरले. उत्तर एक हवं आणि माझ्याकडे दोन. काका म्हणाले, ‘जे जास्त चांगलं वाटलं ते एक कळव. दोन कळवलीस तर म्हणतील म्हातारीला समजलंच नाही.’ आठवं कळवावं असं माझ्याही मनात दहादा आलं. तारऑफिसपर्यंत चालत जाताना मी मनातल्या मनात तार चार वेळा बदलली. पण खिडकीशी उभं राहिल्यावर हाताने खोटं लिहिलं नाही. ऐकलं ते दिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘आजी, अर्थ लागत नाही याचा.’ मी म्हटलं, मलाही लागत नाही, पण शब्द हलवू नकोस.

तुझं नुकसान झालं असेल तर ते आता माझ्या खरं बोलण्याने झालं असेल. एवढं मात्र मी तुझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकेन.

आत्या


६ एप्रिल

आत्या, आत्या, आत्या!

आपण जिंकलो. थांब, नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील कार्टी अर्धवट निरोप पाठवते.

चौकशीला वरून एक अधिकारी बाई आल्या होत्या. पांढरे केस, हातात जाड भिंगाचा चष्मा, आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये टेबलावर मोहोरबंद पाकीट आणि तुझी तार. आधी तार वाचली. साहेब हसलेच. ‘दोन मिनिटं? उशीर एक असतो, बाई. दोन उत्तरं म्हणजे अंदाजपंचे काम.’ खोटं कशाला सांगू, एका क्षणापुरतं मला वाटलं, संपलं.

मग पाकीट फोडलं. आकडे म्हणजे त्या त्या मिनिटाच्या टिंबाची लांबी, सेकंदाच्या हजारांशात. सहाव्या मिनिटाला अडीचशे, म्हणजे साहेबांच्या आरोपाचं मिनिट. उपग्रहावरून येणाऱ्या आवाजाला साधारण तेवढाच उशीर लागतो. सहाव्याबद्दल तुझी तार काय म्हणते? तुटक. आठव्या मिनिटाला एकशे अडतीस. पृथ्वीचा वळसा. तू म्हणालीस, गुळगुळीत. मला तिथेच नाचावंसं वाटलं. पण साहेबांचं बोट तिसऱ्यावर. तिथे पंचेचाळीस. ‘हे काय मग? हेही एकसंध म्हणतेय तुमची आत्या.’

मी तारेकडे पाहत राहिले आणि ‘किंचित खरखरीत’ हे दोन शब्द मला दिसले. खडू उचलला. फळ्यावर टिंबांची पट्टी काढली, टिंब, जागा, टिंब, जागा. टिंबं आखूड असली की मागून येणारा आवाज लगेचच्या जागेत पोचत नाही, त्याला उशीर होतो, तो त्याच्या पुढच्या जागेत पडतो. पण जागा ती जागाच, भरली जातेच. पुढच्या जागेत बरोबर पडायला टिंब उशिराच्या एक तृतीयांश हवं. पंचेचाळीस त्रिक एकशे पस्तीस. हवं एकशे अडतीस. तीन कमी! म्हणजे प्रत्येक टिंबाशेजारी तीन हजारांशाची फट राहणार, आणि ती कानाला कशी लागणार? खरखरीत!

आत्या, सेकंदाचे हजार तुकडे केले, त्यातल्या तीन तुकड्यांची शिवण तू ऐकलीस. शेकडो कोसांवर बसून, त्या जुन्या खोक्यावर. अधिकारी बाईंनी चष्मा पुसला, फळ्यावरचं गणित स्वतः एकदा केलं आणि साहेबांना विचारलं, ‘खोटं बोलायचं असतं तर तिने एकच मिनिट कळवलं असतं. नाही का?’ तू आठवं तेवढं कळवलं असतंस ना, तर साहेब म्हणाले असते, दहात एकदा नेम लागतोच, आणि मी आज भांडारात असते.

आता साहेबांचं ऐक. ते उठले, माझ्या हातातून खडू घेतला आणि एकशे अडतीसला प्रकाशाच्या वेगाने गुणलं. उत्तर आलं एकेचाळीस हजार चारशे किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार, वर नागमोडी प्रवासाचे थोडे. त्यांनी त्या आकड्याखाली रेघ ओढली. मग वळून म्हणाले, ‘आपली लाट एवढी लांब जाते?’ आपली म्हणाले, आत्या! मी म्हटलं, जाते आणि परतही येते, साहेब. तो माणूस लहान मुलासारखा हसला. मेमो माझ्यासमोर फाडला, आणि जुन्या यंत्राची मोहोर स्वतःच्या हाताने तोडली. पेटीला जोडल्याची नोंद रजिस्टरमध्ये यापुढे न चुकता करायची, एवढी तंबी मात्र दिली. ती माझी चूकच होती.

बिघाडांच्या वहीत कारण, जबाबदार व्यक्ती आणि उपाय असे तीन रकाने असतात. साहेबांनी कारणात लिहिलं, ‘लाट पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आली.’ जबाबदार व्यक्तीपुढे आडवी रेघ. उपाय, ‘आवश्यक नाही.’ मी ते पान तीनदा वाचलं. मी प्रमुख होते आणि आहे.

बाहेर आल्यावर सगळ्या पाळीने मला घेरलं. तंत्रज्ञ, चौकीदार, कँटीनवाला, सगळे. ज्यांनी महिनाभर माझ्याकडे बघायचं टाळलं होतं तेही. मी सगळ्यांना तुझी तार दाखवत सुटले.

बारा तारखेला प्रक्षेपणाआधी केंद्राची घोषणा मी करावी असं साहेबांनी सांगितलंय. आजवर ती निवेदकच करत आले. सेट लावून बस. दोष दिसला तर कळव, पण खरा.

तुझी
ठकू


१२ एप्रिल

ठकू,

आत्ताच ऐकलं. तुझा आवाज कानातून जायच्या आत लिहितेय.

काका आज स्टुलावर बसायला तयार नव्हते, सेटला चिकटून बसले होते. शेजारीपाजारी मिळून नऊ माणसं खोलीत. मी सगळ्यांना आधीच दम दिला होता की तोंडातून ‘अरे वा’सुद्धा काढायचं नाही. दिवेलागण झाली. थोडी खरखर, आणि मग तू बोललीस. केंद्राचं नाव सांगितलंस, वेळ सांगितलीस. आवाज जरा कापत होता सुरुवातीला, मग ठणठणीत झाला. आणि तुझा एकेक शब्द जमिनीला टेकायच्या आत, तूच मागून पुन्हा आलीस. बारीक, लांबून, जगभर फिरून. लहान असताना तू गल्लीतून धावत येऊन स्वतःचंच नाव ओरडायचीस आणि आम्ही ओ द्यायचो. आज ओसुद्धा तूच दिलीस.

शेवटी काकांनीच माझा नियम मोडला. ‘दोनदा आली! पोरगी दोनदा आली!’ असं ओरडून टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच लागले, आणि बातम्यांचं पहिलं पान कुणी ऐकलंच नाही. मी मेलीनं तेवढ्यात रडून घेतलं. आनंदाने रडतात म्हणतात ते खरं असतं, मला आज या वयात कळलं.

गर्दी गेल्यावर टाइपरायटर पुढे ओढला आणि तुमच्या श्रोता विभागाला अहवाल केला. दिनांक, वेळ, हवामान, सगळं रीतसर. ‘आवाजांची संख्या’ इथे लिहिलं, दोन. ‘दोष’ इथे लिहिलं, एकही नाही. आणि खाली सही करताना क्रमांक त्रेसष्टच्या पुढे, सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं, प्रमुखांची आत्या.

आत्या